सॉक्रेटिसला भाषण शिकवणारी बाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत मध्यंतरी अथेन्सच्या सुवर्णकाळावर पानभर मजकूर आला. पेरिक्लीसचा कारभार, सॉक्रेटिसचे प्रश्न, फिडियसची शिल्पं, सोफोक्लीसची नाटकं, सगळ्यांची कामं नीट दिली होती. अ‍ॅस्पेशियाच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली: ती रूपवान होती आणि पेरिक्लीस तिच्यासोबत राहत होता. बाकी सगळ्यांचं काम सांगितलं आणि हिचं फक्त नातं सांगितलं, हे मला फार लागलं.

मी अंबाजोगाईची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले. आता संध्याकाळी घराच्या ओसरीत आठवी ते दहावीच्या मुलींना वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार करते. या मुली आपली पुरवणी कापून वहीत चिकटवतात आणि त्यातले मुद्दे स्पर्धेत जसेच्या तसे बोलतात. तेव्हा तुम्ही जे छापता ते आमच्याकडे पाठ होतं. अ‍ॅस्पेशिया भाषणकला शिकवत होती. हे तिच्या हयातीनंतर लगेचच ग्रीकांनी लिहून ठेवलं आहे, आणि तेच आमच्या मुलींना कळायला हवं.

तिचा जन्म मायलेटसचा. आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे ग्रीक शहर. जग कशापासून झालं असा प्रश्न धरून बसलेले थेल्स, अ‍ॅनॅक्सिमँडर आणि अ‍ॅनॅक्सिमेनीस हे तिघंही इथलेच. इराणी फौजांनी इ.स.पू. 494मध्ये हे शहर धुळीला मिळवलं. ते पुन्हा उभं राहिलं आणि त्या उभारणीच्या काळात अ‍ॅक्सिओकस नावाच्या माणसाच्या घरी ही मुलगी जन्मली. इ.स.पू. 450च्या आगेमागे ती अथेन्सला आली, आणि अथेन्समध्ये ती कायमची परकी राहिली. खुद्द पेरिक्लीसनेच इ.स.पू. 451मध्ये कायदा करून घेतला होता की आई आणि वडील दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक ठरेल. म्हणजे पुढे त्याच्यापासून अ‍ॅस्पेशियाला झालेला मुलगा जन्मतःच नागरिकत्वाबाहेर होता. अथेन्सच्या घरंदाज बायका परपुरुषांच्या बैठकीत बसत नसत. सभेत बोलायचा अधिकार तर कुठल्याच बाईला नव्हता. अशा गावात एका परगावच्या बाईच्या घरी लोक बोलणं शिकायला जात होते.

यातला सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा प्लेटोचा. त्याचा ‘मेनेक्सेनस’ नावाचा एक छोटा संवाद आहे. अथेन्समध्ये लढाईत पडलेल्यांचे अंत्यविधी सरकारी खर्चाने होत. त्यांच्या अस्थी सायप्रस नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पेट्यांतून नेत, ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांच्यासाठी एक रिकामी तिरडी नेत, आणि शेवटी नगराने निवडलेला माणूस सगळ्यांसमोर भाषण करी. तो मान मोठा समजला जाई. संवादात मेनेक्सेनस नावाचा तरुण सॉक्रेटिसला विचारतो, यंदा ते भाषण तुमच्यावर सोपवलं तर तुम्हाला जमेल का? सॉक्रेटिस म्हणतो, जमेल, त्यात नवल काय. माझी शिक्षिका या कलेत कच्ची नाही, तिने पुष्कळ चांगले वक्ते घडवलेत, आणि त्यातला एक तर साऱ्या ग्रीकांत उठून दिसणारा, पेरिक्लीस. मेनेक्सेनसला नाव लगेच ओळखू येतं: अ‍ॅस्पेशिया. मग सॉक्रेटिस सांगतो की कालच तिच्याकडून असं एक भाषण ऐकलं. काही भाग तिने तिथल्या तिथे रचला, काही आधी विचार करून ठेवलेला होता, पेरिक्लीसने केलेलं ते भाषण तिने रचलं तेव्हाचे उरलेले तुकडेही तिने त्यात जोडले. मी ते शिकताना विसरत होतो, तेव्हा तिच्या हातचा मार बसता बसता राहिला, असंही तो सांगतो. आणि मग सबंध भाषण म्हणून दाखवतो.

हा भाग मी मुलींना वाचून दाखवते. एक मुलगी, आई-वडील दर हंगामात ऊसतोडीला जातात, ही आजीजवळ राहून शिकते, तिने विचारलं होतं, “मंग बाई, ते भाषण कोनाच्या नावावर लागलं?” मी म्हणाले, पेरिक्लीसच्या. ती काही बोलली नाही, वहीत अ‍ॅस्पेशियाचं नाव लिहून घेतलं.

जाणकार वाचक इथे हरकत घेतील आणि ती घ्यायलाच हवी. ‘मेनेक्सेनस’ खेळकर आहे. त्यातल्या भाषणात इ.स.पू. 387-386च्या तहापर्यंतच्या घटना येतात, आणि सॉक्रेटिसला तर इ.स.पू. 399मध्येच विष दिलं गेलं होतं. म्हणजे ते भाषण जसंच्या तसं अ‍ॅस्पेशियाचं असूच शकत नाही, ते प्लेटोने रचलेलं आहे. हे सगळं मला मान्य आहे. पण थट्टा करायची झाली तरी तिला ओळखीचा आधार लागतो. अ‍ॅस्पेशिया भाषण शिकवते हे अथेन्सच्या वाचकाला आधीपासून ठाऊक नसतं, तर मेनेक्सेनसने नाव कसं ओळखलं असतं आणि वाचकाला त्यात काय कळलं असतं? इ.स. 100च्या आसपास पेरिक्लीसचं चरित्र लिहिणारा प्लुटार्क नेमकं हेच सांगतो. संवादाचा पहिला भाग गमतीने लिहिला असला, तरी भाषणकलेसाठी पुष्कळ अथेन्सकर या बाईकडे जात अशी तिची ख्याती होती, एवढी गोष्ट त्यात खरी आहे, असं त्याचं म्हणणं. सॉक्रेटिस आपल्या शिष्यांना घेऊन तिच्याकडे जाई आणि त्याच्या ओळखीचे लोक आपल्या बायकांनाही तिचं बोलणं ऐकायला नेत, हेही प्लुटार्कनेच लिहिलं आहे. हे दुसरं वाक्य मला पहिल्याहून मोठं वाटतं. अथेन्समध्ये नवरा बायकोला घेऊन कोणाचं बोलणं ऐकायला निघाला, ही साधी गोष्ट नव्हती.

सॉक्रेटिसच्या शिष्यांपैकी प्लेटो एकटाच हे बोलत नाही. झेनोफोनच्या घरकारभारावरच्या पुस्तकात बायकोला संसारात तयार कोणी करायचं असा विषय निघतो, तेव्हा सॉक्रेटिस म्हणतो, तुझी अ‍ॅस्पेशियाशी गाठ घालून देतो, ती हे माझ्यापेक्षा जास्त जाणतेपणाने सांगेल. इस्किनिस आणि अँटिस्थेनिस या दोघांनी तर तिच्याच नावाने संवाद लिहिले. ते पूर्ण उरले नाहीत. पण इस्किनिसच्या संवादातला एक तुकडा रोमच्या सिसेरोने तरुणपणी लिहिलेल्या वक्तृत्वशास्त्राच्या पुस्तकात उतरवून ठेवला, म्हणून तिची शिकवण्याची रीत आज आपल्याला पाहायला मिळते.

समोर झेनोफोन नावाचा गृहस्थ आणि त्याची बायको बसलेली आहेत. अ‍ॅस्पेशिया आधी बायकोला विचारते: तुझ्या शेजारणीकडचं सोनं तुझ्या सोन्यापेक्षा चांगलं असेल, तर तुला कोणतं हवं? ती म्हणते, तिचं. तिचे कपडे आणि दागिने तुझ्यापेक्षा भारी असतील तर? तिचेच. आणि तिचा नवरा तुझ्या नवऱ्यापेक्षा चांगला असेल तर? बायको लाजून गप्प होते. मग ती नवऱ्याकडे वळते. शेजाऱ्याचा घोडा तुझ्या घोड्यापेक्षा चांगला असेल तर कोणता घेशील? त्याचा. त्याची शेती जास्त चांगली असेल तर? तीच. आणि बायको? झेनोफोनही गप्प. तेव्हा अ‍ॅस्पेशिया म्हणते, मला जे ऐकायचं होतं तेवढंच दोघांनी सांगितलं नाही, म्हणून तुमच्या मनातलं मीच सांगते. तुला सगळ्यांत चांगला नवरा हवा आहे आणि तुला सगळ्यांत चांगली बायको. तेव्हा तुम्ही दोघं स्वतःच तसे झाल्याशिवाय तुमचा हा शोध संपायचा नाही.

सिसेरोने हा तुकडा युक्तिवादाचा नमुना म्हणून दिला. ज्याला कोणी नाही म्हणणार नाही अशा छोट्या गोष्टी एकामागून एक कबूल करून घ्यायच्या आणि ऐकणाऱ्याला त्याच वाटेने अवघड गोष्टीपाशी आणून उभं करायचं. हीच रीत आपण सॉक्रेटिसची म्हणून शिकवतो. मी ती ओसरीत वापरते. एका मुलीला विषय होता मुलींचं शिक्षण, आणि तिने नेहमीप्रमाणे आकडे आणि सुविचार पाठ केले होते. मी तिला म्हटलं, समोर तुझ्या गावचा एक आजोबा बसलाय असं समज आणि त्याला तीन प्रश्न विचार, तिन्हींना त्याने हो म्हटलं पाहिजे. तिने विचारलं: नातीने औषधाच्या बाटलीवरचं वाचून दिलं तर चालतं का? सोसायटीच्या कर्जाचा कागद तिने वाचून दाखवला तर? मग बारावीनंतर तिला लातूरला ठेवलं तर? परीक्षकांनी तिला क्रमांक दिला नाही, आवेश कमी पडला म्हणाले. मला मात्र त्या दिवशी ती मुलगी बोलायला शिकली असं वाटलं, आणि ते तिला अ‍ॅस्पेशियाच्या रीतीने शिकवता आलं.

आता तिची बदनामी. सामोस बेट आणि मायलेटस यांच्यात भांडण होतं. इ.स.पू. 440मध्ये अथेन्सने मायलेटसच्या बाजूने सामोसवर आरमार नेलं, तर लोक म्हणाले हे अ‍ॅस्पेशियाने करवलं. पुढे स्पार्टाशी युद्ध पेटलं. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. 425च्या ‘अकार्निअन्स’ नाटकात एक पात्र सांगतं की तिच्याकडच्या दोन वेश्या मेगाराच्या माणसांनी पळवल्या, म्हणून हे युद्ध झालं. याच युद्धाचा इतिहास लिहिणारा थुसिडिडीज खरं कारण देतो ते अथेन्सची वाढती ताकद आणि स्पार्टाला वाटलेली धास्ती. त्याच्या सबंध ग्रंथात अ‍ॅस्पेशियाचं नाव नाही. हर्मिपस नावाच्या विनोदी नाटककाराने तिच्यावर अधर्माचा खटला भरला असं प्लुटार्क सांगतो. अथेन्सच्या न्यायालयात बाईला स्वतःची बाजू मांडता येत नसे. दुसऱ्यांना बोलायला शिकवणारी ही बाई आपल्या जिवावरच्या खटल्यात एक शब्द बोलू शकली नाही. पेरिक्लीस उभा राहिला, न्यायाधीशांपुढे रडला, तेव्हा ती सुटली.

त्याच पेरिक्लीसचं इ.स.पू. 431च्या हिवाळ्यातलं अंत्यभाषण थुसिडिडीजने आपल्याला दिलं आहे. लोकशाहीच्या गौरवासाठी ते जगभर उद्धृत होतं, आपल्या पुरवणीतही त्यातला उतारा होता. त्याच्या शेवटी तो विधवांना सांगतो की ज्या बाईची पुरुषांत कमीत कमी चर्चा, मग ती स्तुती असो की निंदा, तिची कीर्ती मोठी. पुरवणीतला उतारा या वाक्याच्या बऱ्याच अलीकडे थांबतो. मुलींपुढे ते भाषण ठेवायचं असेल तर हे वाक्यही ठेवा. त्या वाक्यासह वाचलं की अ‍ॅस्पेशियाचं काम का पुसलं गेलं हे नववीतल्या मुलीलाही समजतं.

पुढचं थोडक्यात. अथेन्समध्ये साथ आली, पेरिक्लीसचे आधीच्या बायकोचे दोन्ही मुलगे गेले. मग त्याच्या विनवणीवरून लोकांनी अ‍ॅस्पेशियाच्या मुलाला नागरिक करून घेतलं. इ.स.पू. 429मध्ये पेरिक्लीसही वारला. त्यानंतर ती लिसिक्लीस नावाच्या मेंढ्यांच्या व्यापाऱ्यासोबत राहिली, आणि तिच्या सहवासात तो अथेन्सचा मोठा पुढारी झाला, असं इस्किनिसच्या आधाराने प्लुटार्क लिहितो. म्हणजे पेरिक्लीस नसतानाही तिची विद्या तिच्याजवळ होती. तिचा मुलगा पुढे सेनापती झाला. आर्गिन्युसीची सागरी लढाई इ.स.पू. 406मध्ये जिंकून आल्यावर, बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून अथेन्सने ज्या सहा सेनापतींना मृत्युदंड दिला, त्यांत तो होता. सगळ्यांचा एकत्र निवाडा करणं बेकायदा आहे, असं म्हणून त्या दिवशी विरोध करणारा माणूस होता सॉक्रेटिस.

तिची स्वतःची एकही ओळ उरलेली नाही. इथे मला आपल्या गंगाखेडच्या जनाबाईची आठवण होते. तीही दुसऱ्याच्या घरात राहिली, नामदेवांच्या. पण अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालायची आपल्याकडे रीत होती, आणि जनीने ती घातली. म्हणून सातशे वर्षांनंतरही परभणीकडची दळणारी बाई जनीचं ते जनीच्याच नावाने म्हणत आली. महदाइसेचंही तसंच. पैठणच्या परिसरात चक्रधरस्वामींना ती सतत प्रश्न विचारत राहिली, आणि म्हाइंभटाने लीळाचरित्र लिहिताना तिचे प्रश्न तिच्या नावानिशी नोंदवले. तिचे धवळे आपण मराठीतल्या आद्य कवयित्रीचे म्हणून अभ्यासतो. प्रश्न विचारणारी बाई आणि तिचं नाव टिपून ठेवणारा लेखनिक, दोघंही या मातीत होते. अथेन्सच्या बाईला तसा म्हाइंभट मिळाला नाही. तिला मिळाले दुसऱ्यांचे संवाद, आणि त्यांतून ती वेचून काढावी लागते.

मराठवाड्याच्या मुलींना ग्रीक बाईचं काय, असं कोणी म्हणेल म्हणून सांगते. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने सागरी व्यापाराची जी माहिती लिहून ठेवली, त्यात पैठण आहे आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, तेही आहे. पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड आणि तगरहून कापड गाडीवाटेने भडोचच्या बंदराला जात होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यांना आपण माहीत होतो, मग आपल्याला त्यांची बाई परकी का वाटावी?

आपणाला विनंती अशी की पुढच्या एखाद्या अंकात अ‍ॅस्पेशियावर स्वतंत्र चौकट द्यावी, आणि तिच्यात प्लेटो, झेनोफोन, सिसेरो आणि प्लुटार्क काय सांगतात ते यावं. चित्र द्यायचं झालं तर कल्पनेतलं नटवं चित्र नको. व्हॅटिकनच्या संग्रहालयात तिचं नाव कोरलेला एक संगमरवरी अर्धपुतळा आहे, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र आहे, मुद्रा गंभीर आहे. तो छापावा.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने लिहिते, कारण हा विषय माझ्या मनाला लागण्याचं कारण तिथे आहे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी भाषणं लिहून दिली. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची, सव्वीस जानेवारीची, निरोप समारंभांची, श्रद्धांजलीची. “मॅडम, दोन पानांचं बसवा,” असा आदल्या रात्री निरोप यायचा. मुक्तिसंग्रामात लढलेल्या दगडाबाई शेळक्यांवर मी लिहिलेलं भाषण एका पुढाऱ्यांनी ध्वजारोहणानंतर वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही मुलांच्या रांगेमागे उभी राहून वाजवल्या. त्यांनी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. भाषण कोणी लिहिलं हे सांगायचं असतं, हेच आमच्याकडे कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, सरपंच बाई झाली. पण कित्येक गावांत अजूनही माईक सरपंचबाईच्या नवऱ्याच्या हातात असतो आणि कागद शाळेतल्या मॅडमच्या अक्षरातला असतो.

आता मी लिहून देत नाही. माझ्या जागी आलेली तरुण शिक्षिका लिहिते आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. आमच्या तालुक्यातल्या सगळ्या सरपंचांना, संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना आपल्या पत्राद्वारे माझं सांगणं आहे: येत्या सतरा सप्टेंबरला भाषण संपवताना, ते ज्या मॅडमने लिहिलं तिचं नाव तिच्या गावासह माईकवरून घ्या. आणि जिथे सरपंच बाई आहे तिथे कागद तिच्याच हाती द्या. वाचायचा सराव हवा असेल तर माझी ओसरी संध्याकाळी पाचनंतर उघडी असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अंबाजोगाई, जि. बीड